त्या कागदाचं काय झालं? : संशोधक प्राध्यापकांना वस्तीचा सवाल

मागच्या महिन्यात ऊर्जानगरला घरी गेलो होतो. संध्याकाळी दुर्गापूरच्या वस्तीत मोठीआईकडे बसलो. मोठीआई म्हणजे माझ्या वडिलांच्या थोरल्या भावाची बायको. सत्तरी ओलांडलेली, खोकला जुना, जीभ मात्र अजून धारदार. चहा ठेवता ठेवता तिनं विचारलं, "काय रे बाबू, तू माह्याजवळून तो कागद भरून नेला होता ना, तुह्या सरासाठी? त्याचं मंग काय झालं?"

आधी मला कळलंच नाही ती कशाबद्दल बोलते आहे. मग आठवलं, आणि मी मान खाली घातली.

तो कागद म्हणजे सर्वेक्षणाचा फॉर्म. साल २०१०. इतक्या वर्षांत मोठीआई तो विसरली नव्हती, मी विसरलो होतो. माहिती देणाऱ्याच्या लक्षात राहतं आणि घेणारा विसरून जातो. आपल्या विद्यापीठांतल्या संशोधनाचं सगळं दुखणं मला या एका गोष्टीत दिसतं. म्हणून हा लेख. यात दुसऱ्यांवर बोट ठेवण्याआधी स्वतःची कबुली देणार आहे, कारण त्याशिवाय बोट ठेवायचा हक्क मला नाही.

ऐंशी फॉर्म

डिसेंबर २००९ मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं देशातल्या औद्योगिक पट्ट्यांचा निर्देशांक जाहीर केला. १०० पैकी ८३.८८ गुण मिळवून चंद्रपूर देशात चौथं आलं. अंकलेश्वर, वापी आणि गाझियाबाद एवढेच आपल्या पुढे. जिल्ह्याचं नाव एकदम राष्ट्रीय वर्तमानपत्रांत झळकलं, आणि त्या नावामागोमाग संशोधक आले.

मी तेव्हा बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होतो. बाहेरच्या एका विद्यापीठातल्या एका प्राध्यापकांना वस्त्यांमधल्या आरोग्याचं सर्वेक्षण करायचं होतं. त्यांचं आणि विद्यापीठाचं नाव लिहीत नाही. हा एका माणसाचा दोष असता तर लेख लिहायची गरजच नव्हती. त्यांना स्थानिक पोरं हवी होती. वस्तीत ओळख असलेली, बोली बोलणारी, आणि स्वस्त. एका फॉर्ममागे दहा रुपये. मी ऐंशी फॉर्म घेतले.

पहिले तीस-पस्तीस प्रामाणिकपणे भरले. मोठीआईचा त्यातलाच. तिनं घरात बसवून पाणी दिलं आणि विचारलं ते सगळं सांगितलं. खोकला कधीपासून, रात्री किती वेळा उठावं लागतं, काका कोणत्या आजारानं गेले, कर्ज किती झालं. जे तिनं स्वतःच्या सुनेलाही सांगितलं नव्हतं ते मला सांगितलं. का, तर मी शिकलेला पुतण्या आणि माझ्या हातात विद्यापीठाचा कागद. तिला वाटलं, एवढं विचारतात म्हणजे कोणीतरी काहीतरी करणार असेल.

मग मे महिना आला. चंद्रपूरचा मे ज्यांना माहीत आहे त्यांना जास्त सांगायला नको. दुपारी दारं बंद, आणि संध्याकाळी बाया कामावरून परतल्या की स्वयंपाकाच्या घाईत. उरलेले पंचेचाळीस फॉर्म मी कॉलनीतल्या कडुनिंबाखाली बसून भरले. मित्राकडून मतदार यादी आणली, तिच्यातली नावं उचलली, वय अंदाजानं टाकलं.

यात एक बारकावा आहे, तो नीट समजून घ्या. त्या फॉर्ममध्ये "तुम्हाला श्वासाचा त्रास आहे का?" असा प्रश्न होता. "होय" म्हटलं की पुढे सहा उपप्रश्न. "नाही" म्हटलं की थेट पुढच्या पानावर. मला लवकर उठायचं होतं, म्हणून मी "नाही" वर खुणा करत गेलो. पंचेचाळीस माणसं मी त्या झाडाखाली निरोगी करून टाकली. मोठीआईसारख्या पस्तीस जणांनी खरं सांगितलं, आणि माझ्या पंचेचाळीस खोट्यांनी त्यांच्यावर बहुमतानं मात केली.

सरांनी फॉर्म मोजले. वाचले नाहीत. "साठाव्या नंबरच्या घरी कोण भेटलं होतं?" एवढं जरी त्यांनी विचारलं असतं तरी मी तिथंच पकडला गेलो असतो. त्यांनी पैसे दिले, पाठीवर थाप दिली, प्रमाणपत्र दिलं. तो अहवाल मी कधीच पाहिला नाही. मोठीआईनंही नाही.

तिचा खोकला हवेतल्या धुळीमुळे, चुलीच्या धुरामुळे की तंबाखूमुळे, हे मी सांगू शकत नाही. ते सांगणं हेच तर त्या संशोधनाचं काम होतं.

दुसरं शील आणि चौथं शील

आपण दर रविवारी विहारात पंचशील म्हणतो. दुसरं शील अदिन्नादानापासून दूर राहण्याचं, म्हणजे जे दिलेलं नाही ते न घेण्याचं. चौथं मुसावादाचं, म्हणजे खोटं न बोलण्याचं. संशोधनाच्या नीतीवर जगभर जाडजूड संहिता लिहिल्या गेल्या आहेत. त्यांचा गाभा काढला तर मला ही दोन शीलंच दिसतात. न दिलेलं घेऊ नका, आणि न पाहिलेलं लिहू नका.

आधी न दिलेलं घेण्याबद्दल.

अमेरिकेत ग्रँड कॅन्यनच्या खोल दरीत हवासुपाई नावाची छोटी आदिवासी जमात राहते. तिच्यात मधुमेह फार. १९९० पासून ॲरिझोना राज्य विद्यापीठाच्या संशोधकांनी मधुमेहाच्या अभ्यासासाठी त्यांचं रक्त घेतलं. लोकांनी विश्वासानं दिलं. पुढे त्याच रक्तावर स्किझोफ्रेनिया, जमातीतले नात्यातले विवाह आणि पूर्वजांचं स्थलांतर असेही अभ्यास झाले, ज्यांबद्दल लोकांना कुणी काही सांगितलं नव्हतं. हे उघडकीला कसं आलं? २००३ मध्ये त्याच जमातीची, त्याच विद्यापीठात शिकणारी एक विद्यार्थिनी एका पीएच.डी.च्या सादरीकरणाला जाऊन बसली. तिनं उभं राहून विचारलं, या कामासाठी आमची परवानगी घेतली होती का? तिथून प्रकरण कोर्टात गेलं. २०१० मध्ये विद्यापीठानं ७ लाख डॉलरची भरपाई दिली आणि उरलेलं रक्त परत केलं. आपल्या पूर्वजांचं आणि आप्तांचं ते रक्त जमातीचे लोक स्वतः जाऊन घेऊन आले.

आता आपल्याकडे या. सिरोंचाहून गोदावरीच्या काठानं खाली गेलं की भद्राचलम लागतं. तेव्हाच्या आंध्रातल्या या खम्मम जिल्ह्यात २००९ मध्ये गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरच्या लशीचा अभ्यास-प्रकल्प झाला. विद्यापीठाचा नव्हता, एका आंतरराष्ट्रीय संस्थेचा होता आणि भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद त्यात सहभागी होती. लस दिल्या गेलेल्या मुली १० ते १४ वर्षांच्या, त्यांत आश्रमशाळा आणि वसतिगृहांतल्या आदिवासी मुली मोठ्या संख्येनं. पालक दूर पाड्यावर. मग संमतीपत्रावर सह्या कोणी केल्या? कित्येक ठिकाणी वसतिगृहाच्या वॉर्डननं. आरडाओरड झाल्यावर एप्रिल २०१० मध्ये प्रकल्प थांबवला गेला, आणि २०१३ मध्ये संसदेच्या स्थायी समितीनं या कारभारावर कडक ताशेरे ओढले. लस चांगली की वाईट हा वेगळा प्रश्न आहे. मुलीच्या दंडात सुई टोचायची तर तिच्या आईला विचारायचं की नाही, हा इथला प्रश्न आहे.

आपल्या भागात सिकलसेल आहे. गोंड, माडिया, परधान आणि आपल्या बौद्ध समाजातही आहे. म्हणजे रक्त मागणारे आपल्याकडे येत राहणार. २०२३ पासून तर सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीमच चालू आहे. तपासणी व्हायलाच हवी, माझा तिला विरोध नाही, उलट आग्रह आहे. पण तपासणी आणि संशोधन यांत फरक आहे. तपासणीचा अहवाल तुमच्या हातात येतो. संशोधनाचा अहवाल संशोधकाच्या हातात जातो. रक्त कशासाठी घेतलं, कुठं ठेवलं, आणखी कशाला वापरणार, हे विचारणं म्हणजे विज्ञानाला विरोध नव्हे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसारच माणसाला त्याच्या भाषेत समजावून संमती घ्यावी लागते, आणि नैतिक समितीची मंजुरी लागते. पण सामाजिक शास्त्रांत काय? मी जिथं शिकलो तिथं प्रश्नावली घेऊन वस्तीत जाण्याआधी कुठल्या समितीपुढे जावं लागतं, हे मी कधी ऐकलं नाही. सुई टोचली तरच इजा होते असं आपल्या विभागांना वाटतं. मोठीआईनं काकांच्या मरणाबद्दल सांगताना डोळे पुसले होते, त्याची नोंद कुठल्या रकान्यात करायची?

सॉफ्टवेअरला न सापडणारी चोरी

आता न पाहिलेलं लिहिण्याबद्दल.

विद्यापीठ अनुदान आयोगानं २०१८ मध्ये वाङ्मयचौर्य रोखायचे नियम केले. १० टक्क्यांपर्यंत साम्य चालतं, त्यापुढे टप्प्याटप्प्यानं शिक्षा, ६० टक्क्यांच्या वर गेलं तर विद्यार्थ्याची नोंदणी रद्द. चांगलं आहे. पण सॉफ्टवेअर चोरलेलं वाक्य पकडतं, न भेटलेला माणूस पकडत नाही. माझे पंचेचाळीस फॉर्म कुठल्याही सॉफ्टवेअरमधून शून्य टक्के साम्यानं पार झाले असते. कारण ते शंभर टक्के माझी स्वतःची निर्मिती होते!

ते पकडण्याचं काम एकाच माणसाचं, आणि तो म्हणजे प्रकल्पाचा प्रमुख प्राध्यापक. मार्गदर्शकाची जबाबदारी सही करण्याची नसते, शंका घेण्याची असते. दर दहा फॉर्ममधला एक उचलून स्वतः त्या घरी जाणं. विद्यार्थ्याला पूर्ण मजुरी देणं, म्हणजे फॉर्मच्या संख्येवर नव्हे तर दिवसावर. दहा रुपयांना एक फॉर्म हा भावच खोटेपणाला बोलावणं धाडतो. आणि ज्या पोरानं उन्हात घरं पालथी घातली त्याचं नाव प्रबंधात, लेखात घालणं. आपल्या किती पोरांनी मार्गदर्शकाची आकडेमोड केली, भाषांतरं केली, टाइपिंग केलं, आणि नाव कुणाचं लागलं, हे वाचणाऱ्या प्रत्येकाला आपापल्या अनुभवावरून ठाऊक आहे.

प्राध्यापकांची अडचण मी समजू शकतो. २०१० च्या नियमांनी एपीआयचे गुण आणले. किती शोधनिबंध, किती परिषदा, किती गुण, त्यावर बढती. लगेच पैसे घेऊन छापणाऱ्या नियतकालिकांचं पीक आलं. मग ते रोखायला केअर यादी आली, आणि २०२५ मध्ये तीही बंद झाली. वरून शिकवण्याचा भार, परीक्षा, नॅकच्या फायली. तासिका तत्त्वावर राबणाऱ्यांचं तर विचारूच नका, पुढच्या सत्रात नोकरी आहे की नाही हेच त्यांना माहीत नसतं. त्यांच्यावर मी कायमस्वरूपी प्राध्यापकाएवढा भार टाकत नाही. ज्याच्याकडे सत्ता जास्त त्याची जबाबदारी जास्त, हा साधा हिशोब. पण व्यवस्थेनं गुण मागितले म्हणून मोठीआईच्या खोकल्यावर गुण मिळवायचे आणि तिला काहीच परत द्यायचं नाही, याला अडचण म्हणत नाहीत. याला शोषण म्हणतात. शेतमजुराच्या घामावर जमीनदाराची कोठारं भरतात हे आपण भाषणात सांगतो. मग वस्तीच्या दुःखावर प्राध्यापकाचा बायोडेटा भरतो, त्याला काय म्हणायचं?

बाबासाहेब प्राध्यापक होते तेव्हा

बाबासाहेबांचा फोटो आपण प्रत्येक विभागात लावला. पण संशोधक आणि प्राध्यापक म्हणून ते कसे वागले, हे आपण फार कमी वेळा सांगतो.

१९१६ मध्ये कोलंबियात त्यांनी जातीच्या उगमावरचा निबंध वाचला. १९१८ मध्ये ते मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. त्याच वर्षी शेतीच्या लहान तुकड्यांवर त्यांचा शोधनिबंध आला. १९१९ च्या जानेवारीत ते साऊथबरो समितीपुढे अस्पृश्यांच्या प्रतिनिधित्वासाठी साक्ष द्यायला उभे राहिले. ३१ जानेवारी १९२० ला 'मूकनायक' निघाला, मराठीत. त्याच वर्षी ते अपुरा अभ्यास पुरा करायला लंडनला परत गेले, आणि १९२३ मध्ये रुपयाच्या प्रश्नावरचा त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. पुढे चलनाच्या त्याच प्रश्नावर त्यांनी हिल्टन यंग आयोगापुढे साक्ष दिली. शेतजमिनीचा अभ्यास करणारा हा माणूस १९३७ मध्ये खोती नष्ट करण्याचं विधेयक घेऊन कायदेमंडळात उभा राहिला.

या तारखा एकापुढे एक ठेवून पाहा. एकाच वेळी हा माणूस परीक्षकांसाठी इंग्रजीत प्रबंध लिहितो आणि ज्यांच्याबद्दल ज्ञान मिळवलं त्यांच्यासाठी मराठीत वर्तमानपत्र काढतो. अभ्यास कपाटात ठेवत नाही, आयोगापुढे नेतो, कायद्यात नेतो. ज्ञान जिथून उचललं तिथं परत नेऊन ठेवायचं, ही त्यांची संशोधनाची रीत होती.

आणि प्रामाणिकपणाचं म्हणाल, तर 'द अनटचेबल्स' हा १९४८ चा ग्रंथ पाहा. अस्पृश्यतेच्या उगमाबद्दल जिथं थेट पुरावा मिळत नाही तिथं तो मिळत नाही असं ते प्रस्तावनेत स्वतः सांगतात, आणि आपण तर्कानं दुवा का जोडला याचं कारण देतात. पुढच्या माणसाला तपासता यावं, खोडता यावं, म्हणून दार उघडं ठेवतात. धम्माच्या भाषेत याला एहिपस्सिको म्हणतात. या आणि पाहा. माझ्या पंचेचाळीस फॉर्मना "या आणि पाहा" म्हणता आलं असतं का?

"आपल्याच माणसांवर बोट कशाला?"

हा मसुदा एका मित्राला वाचायला दिला. तोही प्राध्यापक आहे, आपल्यातलाच. तो चिडला. म्हणाला, "आपली पोरं आत्ता कुठं विद्यापीठात पोचताहेत. शंभर वर्षं त्यांनी आपल्यावर वाटेल ते लिहिलं तेव्हा कोणी जबाबदारी विचारली नाही. आता आपण लिहायला लागलो तर नीतीचे धडे?"

त्याचा राग खोटा नाही. आपल्याबद्दल, आदिवासींबद्दल बाहेरच्यांनी जे लिहिलं त्यात अपमान भरपूर आहे. पण मला त्याचा निष्कर्ष पटत नाही. कारण सांगतो.

विदर्भातलेच सुखदेव थोरात आणि पॉल ॲटवेल यांनी २००७ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. खासगी कंपन्यांच्या ५४८ जाहिरातींना ४८०८ अर्ज पाठवले. पात्रता जुळती, फरक नावात. उच्चवर्णीय हिंदू नाव, दलित नाव, मुस्लिम नाव. उच्चवर्णीय नावाच्या तुलनेत दलित नावाला पुढचं बोलावणं येण्याची शक्यता सुमारे दोन-तृतीयांशच निघाली. "खासगी क्षेत्रात फक्त गुणवत्ता पाहतात" या दाव्याला एवढं जोरदार उत्तर क्वचितच मिळालं असेल. आरक्षणाच्या वादात आपण आजही तो आकडा पुढे करतो. आता कल्पना करा, त्या ४८०८ पैकी हजार अर्ज कुणी कडुनिंबाखाली बसून पाठवल्याचं नुसतंच लिहिलं असतं, आणि ते विरोधकांनी शोधून काढलं असतं. अभ्यास तर गेलाच असता, पण पुढची वीस वर्षं आपला प्रत्येक आकडा खोटा ठरवला गेला असता.

प्रस्थापितांचा खोटा आकडा खपून जातो, आपला खपत नाही. तो तपासायला सगळे टपलेले असतात. हा अन्याय आहे, पण वस्तुस्थिती आहे. म्हणून खरेपणा ही आपल्यासाठी नुसती नीतीची गोष्ट नाही, लढ्याचं हत्यार आहे. गंजलेलं हत्यार घेऊन कोणी लढाईत उतरतं का?

दुसरं कारण याहून साधं आहे. मोठीआईनं परक्या माणसाला दारातूनच वाटेला लावलं असतं. मी आपला होतो म्हणून दार उघडलं. "आपला" असणं हा जो परवाना आपल्याला मिळतो, तो वस्तीनं दिलेला असतो, विद्यापीठानं नाही. आडनाव आपलं असलं की जबाबदारी कमी होत नाही, वाढते.

जंगलाकडून शिकण्यासारखं

परत देणं अवघड असतं, पण अशक्य नाही. गडचिरोलीतच उदाहरणं आहेत.

अभय आणि राणी बंग यांनी १९८९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये एक अभ्यास छापला. दोन गावांतल्या ६५० स्त्रियांच्या तपासणीत ९२ टक्के जणींना स्त्रीरोग आढळले. हा अभ्यास जगभर गाजला, पण निष्कर्ष त्या बायांपर्यंतही नेले गेले, जत्रेच्या रूपात, त्यांच्या बोलीत. नवजात बालकांच्या मृत्यूवरच्या कामात गावातल्याच बायांना आरोग्यदूत केलं, आणि १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेली ती पद्धत पुढे आशा कार्यकर्त्यांमार्फत देशभर गेली. आपल्याच सुरुवातीच्या सिकलसेल अभ्यासाबद्दल अभय बंग यांनी जाहीरपणे सांगितलं आहे की तो प्रश्न संशोधकांना महत्त्वाचा वाटला होता, लोकांना तो आपला वाटला नव्हता. बंग दांपत्य गांधीविचाराचं आहे, आपले त्यांच्याशी मतभेद असतील, आहेतही. पण स्वतःच्या संशोधनाची अशी उलटतपासणी किती प्राध्यापक करतात?

धानोरा तालुक्यातलं मेंढा (लेखा) तर आणखी पुढे गेलं. २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळवणारं हे देशातलं अगदी पहिल्यांपैकी गाव. देवाजी तोफांचं हे गाव निर्णय घेण्याआधी अभ्यासगटात बसतं. गावातले आणि बाहेरचे एकत्र बसून वाचतात, चर्चा करतात, आणि मग ग्रामसभा एकमतानं ठरवते. तिथं गेलेला अभ्यासक गावाला शिकवत नाही आणि गावाला लुटतही नाही, गावाबरोबर बसतो. अनुसूचित क्षेत्रातल्या गावांच्या पाठीशी पेसा आहे, वनहक्क कायदा आहे, ग्रामसभा आहे.

आपल्या कामगार वस्त्यांकडे काय आहे? ऊर्जानगरच्या भिंतीबाहेरच्या वस्तीला पेसा लागू नाही. पण विहार आहे. समाजमंदिर आहे. महिला मंडळ आहे. आणि फॉर्म घेऊन येणाऱ्याला विचारायला तोंड आहे. म्हणून कार्यकर्त्यांना माझी सूचना आहे, की हे पाच प्रश्न विहाराच्या भिंतीवर लिहून ठेवा.

१. तुम्ही कोण, आणि तुमचा मार्गदर्शक कोण? त्यांचा नंबर द्या.
२. हा अभ्यास कशासाठी, आणि पैसे कोणाचे?
३. आमची माहिती, आमचं रक्त कुठं ठेवणार, आणखी कोणाला देणार?
४. मधेच नको वाटलं तर आम्हाला नाही म्हणता येईल का?
५. निष्कर्ष सांगायला परत कधी येणार? तारीख लिहा.

पाचवा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. संशोधक परत आला, विहारात अर्धा तास बसला आणि "तुमच्याकडून हे घेतलं, त्यातून हे कळलं, हे कळलं नाही" असं मराठीत सांगितलं, तर निम्म्याहून जास्त खोटेपणा आपोआप संपेल. ज्याला परत येऊन तोंड दाखवायचं आहे तो झाडाखाली बसून फॉर्म भरत नाही.

आणि प्राध्यापकांना, विशेषतः आपल्या प्राध्यापकांना विनंती. २०११ मध्ये चंद्रपूर आणि गडचिरोलीसाठी गोंडवाना विद्यापीठ झालं. आता "आमच्याकडे विद्यापीठ नाही" ही आपली जुनी तक्रार उरलेली नाही. १६ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी याच चंद्रपुरात धम्मदीक्षा दिली. दरवर्षी दीक्षाभूमीवर लाखो माणसं येतात आणि पुस्तकांच्या दुकानांपुढे रांगा लागतात. एवढा वाचायला आसुसलेला समाज दारात उभा असताना आपले प्रबंध मात्र ग्रंथालयाच्या वरच्या फळीवर जातात. प्रत्येक प्रबंधाचा दहा पानी मराठी सारांश छापून ज्या वस्तीत अभ्यास केला तिथं वाटायला खर्च किती येईल? सेमिनारच्या जेवणाहून कमीच.

मोठीआईनं काय म्हटलं

त्या संध्याकाळी मी मोठीआईला सगळं सांगून टाकलं. कडुनिंब, मतदार यादी, "नाही" वरच्या खुणा, सगळं. ती बराच वेळ काही बोलली नाही. चहा गाळला, माझ्यापुढे ठेवला.

मग म्हणाली, "म्हंजे म्या सांगतलं ते खरं होतं, अन् तू लिवलं ते खोटं. अन् दोन्ही एकाच थैलीत गेलं."

"हो मोठीआई."

"तुह्या काकाचं सांगतलं होतं म्या तुले. रडली होती तुह्यासमोर."

मला काहीच बोलता आलं नाही. खरं तर मला माफी मागायची होती, पण माफी मागून मोकळं होणं फार सोपं वाटलं. शेवटी तिनंच विचारलं, "आता तू काय करतं?"

मी सांगितलं, वस्तीतल्या पोरांना घेऊन घरोघरी जायचं ठरवतो आहे. कोणाला काय त्रास, कधीपासून, किती पैसे दवाखान्यात गेले. या वेळी कागद विहारात राहतील. जे निघेल ते आधी वस्तीत वाचून दाखवू, मग जिल्हा रुग्णालयाला, प्रदूषण मंडळाला, आणि ज्या प्राध्यापकाला खरंच काम करायचं असेल त्याला देऊ. खोकल्याचं कारण आम्हाला सांगता येणार नाही, ते शास्त्राचं काम आहे. पण कोण खोकतं, एवढं तरी खरं लिहू.

मोठीआईनं पदर सावरला, खोकली आणि म्हणाली, "मंग मले पयला नंबर लाव. पन या टायमाले लिवलेलं वाचून दाखव. अन् अंगठा वाचल्यावर देईन, आधी नाही."

पुढच्या रविवारी विहारात वंदनेनंतर बसतो आहोत. दुर्गापूर, तुकूम, ऊर्जानगरच्या पोरांनी यावं. पेन आणा.

जय भीम.